दुतोंड्या मारुती आणि हॅम्बुर्गची गोदी

नाशिकच्या भांडीबाजारातल्या मामांच्या दुकानात, गल्ल्यामागच्या भिंतीवर ऑइलपेंटच्या तीन आडव्या रेघा आहेत. शेजारी २००८, २०१६, २०१९ असे आकडे. त्या त्या वर्षी गोदावरीचं पाणी कुठवर चढलं होतं, त्याच्या या खुणा. एखादं गिऱ्हाईक विचारतं, तांब्या-पितळेला पाण्याने काय होतंय? मामांचं उत्तर ठरलेलं असतं. "भांडी धुऊन निघतात हो. जातं ते बिलबुक, वजनकाटा आणि लाकडी फळ्या. आणि चिखल काढण्यात आठ दिवस जातात, त्यातला धंदा वेगळा."

एका रविवारी मी त्यांना मोबाइलवर जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या जुन्या गोदीचे फोटो दाखवत होतो. पाण्याला लागून सहा-सात मजली इमारती, खाली कॉफीची दुकानं, वर राहती घरं.

"हे नदीवर आहे?"

"हो. एल्ब नदी. समुद्र शंभरेक किलोमीटरवर आहे, पण भरती तिथपर्यंत येते."

"म्हणजे पाणी चढत असणार."

"चढतं ना. वादळ आलं की फारच."

"आणि तरी तिथे घरं बांधली? परवानगी कोणी दिली?"

"मामा, शहरानेच बांधून घेतली."

"मग काहीतरी डोकं लावलं असेल. सांग नीट."

त्या दिवशी दुकानात गर्दी झाली आणि सांगायचं अर्धवट राहिलं. तेच इथे नीट लिहितो.

नाशिककराने बंदराबद्दल बोलावं का, असं कोणाला वाटेल. बोलावं. पांडवलेण्यात जा. दहा क्रमांकाच्या लेण्यातल्या शिलालेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कुठे कुठे धर्मशाळा बांधल्या त्याची यादी आहे. त्यात आपलं नाशिकजवळचं गोवर्धन आहे, आणि त्याच ओळीत भरुकच्छ आणि शूर्पारक, म्हणजे भडोच आणि सोपारा ही बंदरंही आहेत. पुढे तापी, दमणगंगा अशा नद्यांवर लोकांना फुकट पलीकडे न्यायला होड्या ठेवल्याचाही उल्लेख आहे. बंदरात उतरलेल्या माणसाची राहायची सोय कशी करायची, हा विषय नाशिकच्या दगडावर जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी कोरला गेलाय.

गोदी रिकामी का पडली

हॅम्बुर्गची ही जागा शहराच्या मुख्य चौकापासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर. एवढी मोक्याची जमीन मोकळी कशी सापडली? उत्तर एका लोखंडी पेटीत आहे. पूर्वी जहाजातून गोणी, पिंपं, खोकी एकेक करून उतरायची आणि धक्क्यालगतच्या बहुमजली वखारींत चढवली जायची. त्यासाठी अरुंद, लांबट गोदी आणि काठावर उंच वखारी लागत. १९६८ मध्ये हॅम्बुर्गला पहिलं पूर्ण कंटेनरचं जहाज लागलं आणि हिशेबच बदलला. कंटेनरला वखार लागत नाही, सपाट विस्तीर्ण मैदान लागतं. खोल पाणी लागतं. बंदर नदीच्या पलीकडे सरकलं आणि गावाजवळच्या जुन्या गोद्या ओस पडू लागल्या. ट्रक मोठे झाले की गावातला घाऊक बाजार वेशीबाहेर जातो, तसंच.

मग शहराने एक गोष्ट गुपचूप केली. बरीचशी जमीन आधीच शहराच्या मालकीची होती, पण तिच्यावर जुन्या कंपन्यांच्या इमारती आणि भाडेकरार होते. ते शहराने एका सरकारी कंपनीमार्फत हळूहळू विकत घेतले. का, कशासाठी, हे बाहेर कळू दिलं नाही. मे १९९७ मध्ये महापौर हेनिंग फोशेराऊ यांनी 'हाफेनसिटी' म्हणजे बंदरनगरीची घोषणा केली, तोवर पत्ते शहराच्या हातात होते. आपल्याकडे रिंगरोडची रेघ नकाशावर उमटायच्या आधी सातबारे हलतात. तिथे शहरानेच आधी सातबारे हलवले. जमीन विकून येणाऱ्या पैशातून रस्ते, पूल, धक्के करायचे आणि पलीकडे आल्टनवेर्डरला नवं कंटेनर टर्मिनल उभारायलाही हातभार लावायचा, असा बेत होता.

सगळा प्रकल्प १५७ हेक्टरचा. सन २००० मध्ये आराखडा मंजूर झाला. सुमारे पंधरा हजार लोक राहतील, पंचेचाळीस हजारांना काम मिळेल, असं पुढे सुधारलेलं गणित.

कांदा उभा कापा

आता मामांच्या प्रश्नाकडे येऊ. पाण्याचं काय केलं?

बिल्डरच्या ब्रोशरमध्ये आपल्याला जमीन नेहमी वरून दाखवतात, घारीच्या नजरेने. इमारती, झाडं, निळी नदी. या चित्रात पाण्याकाठच्या जागेबद्दल कळण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं, कारण उंची दिसत नाही. कांदा आडवा कापला की गोल चकत्या मिळतात. उभा कापला की देठापासून मुळापर्यंत सगळे थर एका नजरेत येतात. वास्तुरचनाकार जमिनीचंही असं उभं चित्र काढतात, त्याला ते 'सेक्शन' म्हणतात, मराठीत छेद. नदीचा तळ, काठ, रस्ता, जोतं, पहिला मजला, सगळं एका रेषेत, एकाच मोजपट्टीवर. पाण्याकाठी वस्ती करायची तर माझ्या मते हा छेद आधी काढायचा, बाकीचं सगळं नंतर. हाफेनसिटीचं डोकं म्हणाल तर ते याच छेदात आहे.

हॅम्बुर्गला १९६२ च्या फेब्रुवारीची एक रात्र विसरता येत नाही. उत्तर समुद्रावरच्या वादळाने भरतीचं पाणी एल्बच्या मुखातून आत रेटलं, बांध फुटले आणि शहरात ३१५ माणसं गेली. पाणी समुद्रसपाटीपासून ५.७० मीटरवर चढलं होतं. १९७६ मध्ये ते ६.४५ मीटरवर गेलं. म्हणजे नव्या वस्तीला किती उंच व्हायचं, ते निसर्गाने आकड्यात सांगून ठेवलं होतं.

दोन वाटा होत्या. एक म्हणजे सगळ्या जागेभोवती उंच बांध घालायचा. यात अडचण अशी की बांध हा हंड्यासारखा आहे, एका जागी भोक असेल तर बाकीचा असून उपयोग नाही. पहिलं घर बांधायच्या आधी सगळा बांध पुरा करावा लागला असता. त्यात पैसा अडकला असता, वर्षं गेली असती, आणि राहायला आलेल्याला खिडकीतून पाण्याऐवजी मातीची भिंत दिसली असती. दुसरी वाट जुनी, त्या किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांची. ते पूर्वीपासून मातीचा उंचवटा करून त्यावर घर बांधत आलेत. त्याला तिकडे 'वार्फ्ट' म्हणतात. शहराने ही वाट धरली. प्रत्येक इमारतीने आपली उंची आपण आणायची. जोतं समुद्रसपाटीपासून साधारण आठ-नऊ मीटरवर. एक इमारत झाली की ती तेवढी सुरक्षित, शेजारचा प्लॉट रिकामा असला तरी.

ही कल्पना परकी वाटत असेल तर जुन्या नाशकातल्या, नदीकाठच्या मातीच्या गढीकडे बघा. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन केलं, तेव्हा ख्रिस्तपूर्व काळापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक सापडले. आपले पूर्वजही पाण्यापासून उंच बसत होते. आज त्याच गढीची माती पावसाळ्यात ढासळते आणि काठावरच्या घरांना दरवर्षी नोटिसा जातात, ही वेगळी आणि दुःखाची गोष्ट.

हाफेनसिटीचा छेद खालून वर असा वाचायचा. सगळ्यात खाली भरती-ओहोटीचं पाणी, रोज दोनदा साडेतीन मीटरहून जास्त वरखाली होणारं. त्यावर जुना दगडी धक्का, साधारण साडेचार ते साडेपाच मीटरच्या पातळीवर. हा मुद्दाम खालीच ठेवला आहे. एरवी तिथे लोक फिरतात, बाकावर बसतात. वादळात तो पाण्याखाली जातो, जाऊ देतात. त्यावर जोतं. या जोत्याच्या पोटात गाड्यांचं पार्किंग आहे, तोंडाशी जाड पोलादी दारं बसवली आहेत. भरतीचा इशारा आला की दारं बंद. जोत्याच्या माथ्यावर रस्ता, आणि रस्त्याच्या पातळीवर घरांचे दरवाजे. काही ठिकाणी वरच्या रस्त्यावरून खाली पाण्याकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे चौक आहेत. त्यातल्या एकाला मॅगेलान टेरेस म्हणतात. फोटोत बघितलं तेव्हा मामा लगेच म्हणाले, "हा तर घाट!"

बरोबर. घाट म्हणजे दुसरं काय? ओला व्हायला बांधलेली जागा. रामकुंडावर दगडी पायऱ्या आहेत, मंदिरं आहेत, पण कोणाचं माजघर नाही. तिथेच नदीकाठी उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला पाणी लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, ही आपली पूर मोजायची पट्टी. त्यापुढे १७४७ साली बांधलेल्या नारोशंकराच्या मंदिराची घंटा आहेच. पूर यावा आणि जावा, म्हणून ठेवलेली ही सगळी जागा आहे. हॅम्बुर्गच्या इंजिनिअरांनी पोलाद आणि काँक्रीट घालून जे केलं, त्याचा खालचा अर्धा भाग नाशिकला आधीपासून आहे. वरचा अर्धा नाही. घाटापासून भांडीबाजार, दहीपूल, सराफ बाजार पुरेसे उंच नाहीत. घाट संपतो आणि थेट दुकानाचा उंबरठा येतो.

एक गोष्ट मात्र राहिली, आणि ती बहुतेक जण विसरतात. तुमचं घर नऊ मीटरवर आहे आणि गल्ली पाच मीटरवर, तर पुरात तुम्ही कोरडे आहात पण बेटावर आहात. आजीला दवाखान्यात न्यायचं कसं? आग लागली तर बंब कुठून येणार? म्हणून हाफेनसिटीत मुख्य रस्ते आणि पूलही उचलले. जुन्या वखारींच्या भागातून बांधाच्या आतल्या शहरापर्यंत किबेलस्टेग नावाचा उंच पूल आहे. खाली सगळं पाण्यात गेलं तरी त्यावरून माणसं आणि बंब जाऊ शकतात. घराच्या उंचीइतकीच रस्त्याची उंचीही हिशेबात घ्यावी लागते. डिसेंबर २०१३ मध्ये 'झाव्हर' वादळात पाणी ६.०९ मीटरवर गेलं, १९६२ पेक्षाही वर. खालचे धक्के बुडाले. वरची वस्ती कोरडी राहिली.

मग आपणही भराव घालू या का?

घाई नको. इथे नक्कल उलटी बसते.

हॅम्बुर्गला वादळाचं पाणी समुद्रातून येतं. समुद्रापुढे दीडशे हेक्टरचा भराव म्हणजे घागरीत पडलेला खडा. पातळी वाढत नाही. पाणी चढतं, काही तासांनी ओहोटीबरोबर उतरतं. गोदावरीचं तसं नाही. त्र्यंबकच्या डोंगरातून आणि गंगापूर धरणाच्या खालच्या ओढ्यांतून आलेलं पाणी नाशिकच्या अरुंद पात्रातून जोरात वाहून जायला बघतं. गंगापूरमधून विसर्ग वाढवला की होळकर पुलाखाली किती क्युसेक, ही पावसाळ्यातली आपली पहिली बातमी. अशा वाहत्या पात्राच्या काठाला भराव घातला तर नदीची वाट अरुंद होते, आणि तुमच्या जोत्याने अडवलेलं पाणी समोरच्या पंचवटीत किंवा वरच्या अंगाला कोणाच्या तरी घरात शिरतं. तुम्ही वाचता ते शेजाऱ्याच्या खर्चाने. हाफेनसिटीतून शिकायचं ते छेद आधी काढणं. मातीचा भराव उचलून आणायचा नाही.

म्हणूनच महाराष्ट्रात निळी आणि लाल पूररेषा आहे. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत नदी ते निळी रेषा हा पट्टा बांधकामाला निषिद्ध आहे. बाग, मोकळं मैदान, उघडं पार्किंग, अशा गोष्टी चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधकाम चालतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट वर. नियम वाचला की लक्षात येतं, हाही छेदच आहे, फक्त कायद्याच्या भाषेत लिहिलेला.

'पंचवीस वर्षांतून एकदा' या शब्दांनी मात्र फार गैरसमज केलाय. पूर आला की पुढची चोवीस वर्षं निवांत, असा त्याचा अर्थ नाही. अर्थ असा की दर वर्षी चार टक्के शक्यता, मागच्या वर्षी आला असला तरी. तुम्ही वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलंत, तर त्या काळात असा पूर निदान एकदा बघायची शक्यता ५६ टक्के होते. शंभर वर्षांच्या पुराचीसुद्धा त्याच वीस वर्षांत १८ टक्के. मामांच्या भिंतीवर अकरा वर्षांत तीन रेघा का, याचं अर्धं उत्तर यात आहे.

खाली गाळा, वर घर

'मिक्स्ड-यूज' हा शब्द आता प्रत्येक होर्डिंगवर असतो. जुन्या नाशकात त्याला नाव नव्हतं, कारण तसं नसलेलं काही नव्हतं. रस्त्याकडे दुकान, मागे चौक, वर माडी, आणि एखाद्या खोलीत भाडेकरू. माणूस जिन्यावरून उतरला की कामावर. नंतर आपण कॉलेज रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा करत गेलो तशी घरं एकीकडे, ऑफिसं दुसरीकडे आणि मधे गाड्यांची रांग.

हाफेनसिटीत हे मिश्रण नशिबावर सोडलं नाही. मध्यवर्ती भागात तळमजल्याची उंची पाच मीटर ठेवायची सक्ती केली आणि तिथे लोकांच्या उपयोगाचं काही असावं, असं करारात घातलं. दुकान, हॉटेल, दवाखाना, कलादालन. पाच मीटर कशासाठी? आज तिथे बेकरी आहे, दहा वर्षांनी पोळीभाजी केंद्र असेल, वीस वर्षांनी आणखी काही. उंची भरपूर असली की वापर बदलता येतो. साडेआठ फुटी छताच्या तळमजल्यात एकदा फ्लॅट झाला की तो जन्मभर फ्लॅटच. बाहेर फिरणाऱ्यांना त्याच्या खिडकीला लावलेले पडदे तेवढे दिसतात.

मामांना हे पटलं, पण त्यांनी दुकानदाराचा प्रश्न विचारला. "पहिली पाच वर्षं गिऱ्हाईक कोण? वर माणसंच राहायला आली नसतील तर खाली बसून माश्या मारायच्या?"

या प्रश्नाने हाफेनसिटीलाही घाम फोडला. आधी कार्यालयं भरली, घरं हळूहळू. सुरुवातीला दुकानांना भाडं कमी ठेवून बसवावं लागलं. संध्याकाळी साहेबलोक घरी गेले की रस्ते मोकळे, आणि त्या मोकळ्या रस्त्यावरून एल्बवरचा गार वारा. थंड, महाग, श्रीमंतांची वस्ती, अशी टीका कित्येक वर्षं झाली, आणि ती खोटी नव्हती. दक्षिणेकडचा मोठा बाजाराचा भाग तर २००८ च्या आर्थिक मंदीत अडकला तो थेट २०२५ मध्ये उघडला.

वस्तीला जीव आणला तो मुलांनी, असं माझं मत. २००९ मध्ये तिथे प्राथमिक शाळा सुरू झाली. जागा कमी, म्हणून खेळाचं मैदान गच्चीवर. २०१२ मध्ये मेट्रो आली. शाळा, मेट्रो, बाग हे सगळं आधी आणि मॉल नंतर, हा क्रम महत्त्वाचा. आपल्याकडे तो उलटा असतो, आणि मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाच वर्षं रिक्षाचीच चर्चा चालते.

आवाजाचा एक गमतीदार तोडगाही सांगायला हवा. नदीपलीकडचं बंदर रात्रंदिवस चालू असतं. बंदर बंद करा म्हणणं शक्य नव्हतं, शहर त्यावर जगतं. खिडक्या कायम बंद ठेवा म्हणणंही बरं नाही. मग अशी दुपदरी खिडकी काढली की ती थोडी उघडी ठेवून हवा आत यावी आणि तरी झोपायच्या खोलीत रात्री ३० डेसिबलच्या आत आवाज राहावा. तिचं नावच 'हाफेनसिटी खिडकी' पडलं. सिंहस्थात रामकुंडाजवळ राहणाऱ्यांना ही खिडकी किती किमतीला पडली असती, ते मी विचारत बसणार नाही.

जमीन कोणाला द्यायची

आपल्याकडे जमीन विकायची एकच रीत आपल्याला माहीत आहे. जास्त बोली लावेल त्याला. हॅम्बुर्गने ती बाजूला ठेवली. प्लॉट देताना बऱ्याच ठिकाणी कल्पनेला ७० टक्के वजन आणि किमतीला ३० टक्के. खाली काय करणार, घरं कोणाला परवडणार, अंगण लोकांना खुलं ठेवणार का, यावर निवड. आणि निवड झाली म्हणून जमीन लगेच नावावर होत नाही. साधारण दीड वर्षासाठी ती राखून ठेवतात. त्या काळात वास्तुरचनाकारांची स्पर्धा घ्यायची, माती तपासायची, परवानगी आणायची. हे जमलं तर पैसे भरा आणि जमीन घ्या. जमलं नाही तर जमीन शहराकडे परत. त्यामुळे जमीन विकत घेऊन भाव वाढायची वाट बघत गवत वाढवणं जमत नाही. मामा यावर फक्त हसले. त्यांच्या ओळखीत असे दोन प्लॉट आहेत.

२०१० नंतर नव्या प्रकल्पांत साधारण एक तृतीयांश घरं अनुदानित भाड्याची ठेवायचं धोरण आलं. काही प्लॉट तर बिल्डरऐवजी दहा-वीस कुटुंबांच्या गटाला दिले. त्यांनी एकत्र येऊन आपली इमारत आपणच बांधायची. आपल्या जुन्या गृहनिर्माण संस्था सुरुवातीला अशाच होत्या.

जुन्याचं काय केलं, हाही प्रश्न आहेच. शेजारच्या वखारींचा लाल विटांचा भाग, श्पायशरश्टाट, तसाच ठेवला. २०१५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. पण त्याचा इतिहास बोचरा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी करमुक्त बंदरासाठी त्या वखारी उभारल्या तेव्हा तिथली जुनी वस्ती पाडली आणि सुमारे वीस हजार माणसांना उठवलं. माणसं हलवून वखारी केल्या, शंभर वर्षांनी वखारींशेजारी पुन्हा माणसं आणली. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या पुनर्विकासात पागडीवाला भाडेकरू नेमका कुठे जातो, हे ज्याने बघितलंय त्याला यात नवीन काही वाटणार नाही.

आणि कोको-चहाची १९६० च्या दशकातली एक वखार होती, तिच्या माथ्यावर काचेचं संगीतगृह बांधलं, एल्बफिलहार्मोनी. शहराचा सुरुवातीचा अंदाज ७.७ कोटी युरोचा. २०१७ मध्ये उघडेपर्यंत शहराचे ७८.९ कोटी गेले. म्हणजे अंदाजपत्रक फुगवण्यात जर्मन माणूस आपल्या मागे नाही.

ब्रोशर हातात आलं तर

पाण्याकाठचा फ्लॅट बघायला जाल तेव्हा समोरच्या सुंदर चित्रावर बोट ठेवून एवढंच विचारा. ही जागा कुठल्या दोन रेषांच्या मधे आहे? जोत्याची पातळी आणि लाल रेषेची पातळी, दोन्ही आकडे मीटरमध्ये सांगा. बेसमेंट असेल तर पुरात दार कोण आणि किती वेळात बंद करणार? विजेचा ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, पाण्याचे पंप कुठल्या पातळीवर? लिफ्टचा खड्डा? बहुतेक इमारतींत घरं कोरडी राहतात आणि तळघरातली वीज बुडते. मग दहाव्या मजल्यावरचा माणूस बादली घेऊन जिने चढतो.

मागच्या महिन्यात भाच्यासाठी घर बघायला आम्ही गंगापूर रोडच्या बाजूला एका साइटवर गेलो होतो. मामाही आले होते. सॅम्पल फ्लॅट छान होता. गॅलरीतून नदी दिसत होती. साइटवरच्या मुलाने पूररेषेचा नकाशा दाखवला, जोत्याची पातळी सांगितली, आकडे बरोबर होते. ट्रान्सफॉर्मर वर घेतलाय हेही दाखवलं. मामा खूश झाले. खाली उतरताना त्यांनी गेटपाशी थांबून बाहेरच्या उताराकडे बघितलं आणि विचारलं, "आणि हा रस्ता? पुरात हा किती वर राहतो?"

मुलगा जरा थांबला. मग म्हणाला, "रस्ता आपल्या प्रोजेक्टमध्ये येत नाही, काका."